वजनकाट्याला निकालाचा अधिकार नाही

इकोच्या खोलीतून बाहेर आल्यावर 'पंपिंग फक्त पंचवीस टक्के आहे' एवढं कळलं, की संभाजीनगरात माणसाला मिळणारा पहिला सल्ला वजनाचा असतो. डॉक्टर देतात, मेडिकलवाला देतो, सकाळी फिरायला जाणारे शेजारचे काकाही देतात. पोट सुटलेल्याला सांगतात, 'आधी वजन उतरवा, मग पुढचं बघू.' अंगानं सडसडीत असलेल्याला धीर देतात, 'तुमचं काय, वजन आटोक्यात आहे, तुम्ही यातून निघाल.' दोन्ही सल्ल्यांच्या मुळाशी समजूत एकच आहे. हृदय थकलं असताना वजन जितकं कमी तितकं बरं, आणि ते किती आहे हे काट्यावर उभं राहिलं की समजतं. सुशिक्षित घरांत ही समजूत इतकी मुरली आहे की तिच्याकडे पुरावा मागायचं कुणाच्या मनातही येत नाही.

मी तो मागतो आहे, कारण या समजुतीची किंमत रुग्ण जिवानं मोजतात. हार्ट फेल्युअर बळावलं, औषधांचे चारही गट पुरेशा मात्रेत देऊन झाले, तरी अंघोळ करताना दम लागतो, दर महिना-दोन महिन्यांनी ॲडमिट व्हावं लागतं, अशी वेळ आली की दोनच मोठे मार्ग उरतात. एक, दुसऱ्याचं हृदय. दुसरा, हृदयाच्या डाव्या कप्प्याला जोडलेला यांत्रिक पंप, ज्याला डॉक्टर एलव्हॅड म्हणतात. या दोन दारांपर्यंत कोण पोहोचणार हे आज पुष्कळदा वजनावर ठरतं. माझा पक्ष असा की काट्यावरचा एकटा आकडा हे ठरवायला लायक नाही. तो जाड्या रुग्णाला नको तितका घाबरवतो आणि बारीक रुग्णाला नको तितका निश्चिंत करतो. आपल्या मुलखात दुसरी चूक जास्त घातक आहे.

आधी पूर्वपक्ष नीट मांडतो, कारण तो पोकळ नाही. लठ्ठपणामुळे रक्तदाब चढतो, मधुमेह जडतो, झोपेत श्वास अडखळतो, आणि या तिन्ही वाटांनी हृदय थकतं, हे निर्विवाद आहे. जाड माणसाच्या छातीची मोठी शस्त्रक्रिया अवघड असते. जखम भरायला वेळ लागतो, जंतुसंसर्ग होतो, व्हेंटिलेटरवरून काढताना त्रास होतो. एलव्हॅडची वीजवाहिनी पोटाच्या कातडीतून बाहेर येते. तिथं चरबीची जाड घडी असेल तर हालचालीनं ती जागा सतत ओढली जाते आणि चिघळते. प्रत्यारोपणानंतर स्टेरॉइड आणि टॅक्रोलिमससारखी औषधं द्यावी लागतात. त्यातलं पहिलं वजन वाढवतं, दोन्ही साखर वाढवतात. आणि सगळ्यात मोठा मुद्दा असा की हृदयं फार थोडी मिळतात. मिळालेलं हृदय ज्याला जास्त वर्षं लाभेल त्याला द्यावं, या म्हणण्यात अन्याय नाही. म्हणूनच हृदय-फुफ्फुस प्रत्यारोपणाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं २००६ साली बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन दाखवणारा आकडा, ३० च्या वर असलेल्यांनी यादीत येण्याआधी वजन उतरवावं असं सुचवलं, आणि २०१६ साली ती रेषा ३५ वर नेली. पाच फूट पाच इंच उंचीच्या माणसाला ३५ म्हणजे साधारण ९५ किलो.

दहा वर्षांत रेषा ३० वरून ३५ वर गेली, याकडे मात्र पूर्वपक्ष फारसं लक्ष देत नाही. शरीराचा नियम दहा वर्षांत बदलत नाही, मधल्या काळात पुरावा बदलला. अमेरिकेतल्या हजारो प्रत्यारोपणांच्या नोंदी तपासल्यावर दिसलं की थोडे जाड आणि बऱ्यापैकी जाड रुग्ण सर्वसाधारण वजनाच्या रुग्णांच्या बरोबरीनं जगतात. धोका वाढतो तो ३५ च्या पुढे, आणि तितक्याच ठळकपणे दुसऱ्या टोकाला, म्हणजे फार कमी वजनाच्या रुग्णांत. दुसऱ्या टोकाची ही गोष्ट आपल्याकडे कुणी सांगत नाही.

या रेषेचा आपल्याकडे वापर कसा होतो तेही पाहिलं पाहिजे. त्याआधी प्रत्यारोपण आपल्यापर्यंत कसं आलं ते आठवू. मुंबईत १९६८ च्या फेब्रुवारीत केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदय प्रत्यारोपणाचा धाडसी प्रयत्न केला. रुग्ण काही तासच जगला. भारतातलं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण त्यानंतर सव्वीस वर्षांनी, ३ ऑगस्ट १९९४ रोजी दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी केलं. महाराष्ट्राला आणखी एकवीस वर्षं थांबावं लागलं. ऑगस्ट २०१५ मध्ये पुण्याहून विमानानं आलेलं हृदय मुलुंडमध्ये एका तरुणाच्या छातीत बसलं. पाठोपाठ जानेवारी २०१६ मध्ये आपल्या शहरातल्या एका मेंदूमृत तरुणाच्या घरच्यांनी होकार दिला, रस्ते मोकळे केले गेले आणि चिकलठाणा विमानतळावरून त्याचं हृदय मुंबईला गेलं. हृदय शरीराबाहेर काढल्यावर साधारण चार तासांत दुसऱ्या छातीत धडधडायला लागावं लागतं. मुंबई रस्त्यानं सव्वातीनशे किलोमीटरच्या पुढे, म्हणून विमान. त्या दिवशी सारं शहर हळहळलं आणि अभिमानानं फुललंही.

दान करायला मराठवाडा मागे नाही. घ्यायला मात्र आपले रुग्ण फार उशिरा पोहोचतात, आणि अडतात ते मुंबईच्या प्रत्यारोपण पथकाच्या टेबलावर नव्हे. अडतात ते इथंच, ज्या खोलीत 'एकदा मुंबईला दाखवून या' असं पत्र लिहायचं असतं तिथं. ३५ ची रेषा अनुभवी पथकानं, सगळ्या तपासण्या हाताशी असताना, इतर गोष्टींबरोबर तोलायची आहे. इथं ती पत्र लिहिण्याआधीच वापरली जाते, तीही पुष्कळदा अंदाजानं, नुसत्या नजरेनं. रुग्णाला सहा महिने वजन उतरवायला सांगतात. देशातल्या ५३ रुग्णालयांतल्या १०,८५१ हार्ट फेल्युअर रुग्णांची राष्ट्रीय नोंदवही काय सांगते पाहा. रुग्णांचं सरासरी वय साठच्या आसपास, आणि रुग्णालयात आल्यापासून ९० दिवसांत १४ टक्के रुग्ण दगावले. ज्याच्याकडे तीन महिन्यांची खात्री नाही त्याला आपण सहा महिन्यांची मुदत देतो. शिवाय ज्याला संडासपर्यंत चालताना धाप लागते त्याला 'रोज पाच किलोमीटर चाला' म्हणतो. तो काय करणार? जेवण तोडणार. त्यात चरबीबरोबर स्नायूही जाणार, आणि सहा महिन्यांनी आकडा मनासारखा खाली आला तरी माणूस आधीपेक्षा दुबळा झालेला असणार.

आता मूळ आकड्याकडे वळतो. बीएमआयचं सूत्र एकोणिसाव्या शतकात केटले नावाच्या बेल्जियन गणितज्ञानं काढलं. त्याला लोकसंख्येचा सरासरी माणूस मोजायचा होता, खाटेवरचा रुग्ण नाही. आजचं नाव ॲन्सेल कीज यांनी १९७२ साली दिलं, तेही लोकसमूहांचा अभ्यास करताना. एका माणसाच्या बाबतीत हा आकडा किती फसवू शकतो याचा सगळ्यात बोलका पुरावा आपल्या पुण्याचा आहे. तिथल्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. आकडा सारखा आणि चरबी दुपटीहून जास्त. याज्ञिकांनी त्याच सुमारास पुण्याजवळच्या खेड्यांतल्या बाळांमध्येही हेच दाखवलं. जन्मताना वजन पावणेतीन किलोच्या आसपास, इंग्लंडच्या बाळांपेक्षा कितीतरी कमी, पण चरबी जवळजवळ राखलेली आणि स्नायू कमी. म्हणजे आपला माणूस बारीक असतानाच आतून जाड असतो, आणि हे जन्मापासून. हे संशोधन मराठी मुलखातलं, मराठी बायाबाळांवर केलेलं, आणि आपल्याच ओपीडीत त्याचा विसर पडावा याचं मला फार वाईट वाटतं.

निरोगी माणसात काटा इतका फसवतो. हार्ट फेल्युअरमध्ये त्यात आणखी एक भेसळ होते, पाण्याची. माझ्या तपासणीच्या खोलीतला एक प्रसंग सांगतो. पैठण तालुक्यातले एक शेतकरी, साठीला टेकलेले, सुनेबरोबर आले. फाइलमध्ये मागच्या वर्षीचं वजन ६२ किलो, त्या दिवशीचंही ६२. सून समाधानानं म्हणाली, "मामांचं वजन तेवढंच आहे की, डॉक्टर. खाणं कमी झालंय, पण वजन नाही उतरलं." मी त्यांच्या नडगीवर अंगठा दाबून धरला. उचलला तेव्हा बोटभर खळगा पडला आणि बराच वेळ भरला नाही. पोटात पाणी होतं, पायजम्याची नाडी बेंबीच्या खाली बांधलेली. वर पाहावं तर कानशिलं बसलेली, गळ्याजवळची हाडं वर आलेली, अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला फुगीर भाग आत गेलेला. स्टुलावरून हात न टेकता उठा म्हटलं तर उठता येईना. लघवीचं इंजेक्शन सुरू केलं. आठवडाभरात सूज उतरली आणि काटा ५३ वर आला. गेले ते नऊ किलो पाणी होतं. वर्षभरात त्यांच्या अंगावरून जवळजवळ तितकंच मांस झडलं होतं आणि त्याची जागा पाण्यानं घेतल्यामुळे काट्याला काहीच कळलं नव्हतं. आधी ज्यांनी तपासलं त्यांनी फाइलवर 'वजन स्थिर' असं लिहिलं होतं.

बर्लिन-लंडनच्या श्टेफान आंकर यांनी १९९७ साली 'लॅन्सेट'मध्ये या झडण्याचा हिशोब मांडला होता. १७१ रुग्ण, त्यांतल्या काहींचं सहा महिन्यांहून जास्त काळात साडेसात टक्क्यांहून अधिक वजन घटलेलं, आणि ते सूज उतरवून मोजलेलं. अशा रुग्णांपैकी निम्मे अठरा महिन्यांत गेले. ज्यांचं वजन असं घटलं नव्हतं त्यांच्यातले १७ टक्के. वय, पंपिंग, दम लागण्याची पायरी हे सगळं जमेस धरूनही हा फरक टिकला. पैठणच्या मामांचं घटलेलं वजन चौदा टक्क्यांच्या वर भरतं. आपल्या गल्लीत मात्र अशा माणसाला 'छान बारीक झालात' म्हणतात.

आता पूर्वपक्षाच्या शास्त्राधाराला त्याच्याच घरातला विरोध दाखवतो. प्रत्यारोपणाची गरज ठरवायला सायकलवर किंवा पट्ट्यावर चालवून शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरतं ते मोजतात. १९९१ साली डॉना मॅन्सिनी यांनी मिनिटाला दर किलोमागे १४ मिलिलिटर ही रेषा घालून दिली, आणि बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांसाठी ती पुढे १२ झाली. पण जाड माणसाला एकूण वजनानं भागलं तर आकडा उगाच छोटा येतो, कारण चरबी प्राणवायू फारसा वापरत नाही. म्हणून त्याच आंतरराष्ट्रीय नियमावलीत सांगितलं आहे की बीएमआय ३० च्या वर असेल तर चरबी वगळून उरलेल्या वजनानं भागायचा विचार करा, आणि रेषा १९ ची धरा. म्हणजे आजार किती आहे हे मोजताना नियमावलीला कळतं की चरबी आणि मांस वेगळं मोजायला हवं. मग तोच माणूस उपचाराला पात्र आहे का हे ठरवताना दोन्ही एकाच काट्यावर का तोलायचं? एका पानावर जी गोष्ट चूक ठरते ती पुढच्या पानावर बरोबर कशी? याचं समाधानकारक उत्तर मला कुठे मिळालेलं नाही.

दाता आणि रुग्ण यांच्या मापाचा मेळ घालतानाही हीच गफलत फार वर्षं चालली. दात्याचं वजन रुग्णाच्या वजनाच्या तीस टक्क्यांच्या आत असावं, असा जुना दंडक होता. त्यामुळे शंभर किलोच्या रुग्णासाठी सत्तर किलोच्या आतला दाता बाद. पण हृदय चरबीच्या प्रमाणात वाढत नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत वय, लिंग, उंची आणि वजन यांवरून हृदयाचं अपेक्षित वस्तुमान काढायची पद्धत आली. तिनं जुन्या नोंदी पुन्हा तपासल्यावर दिसलं की नुसत्या वजनातल्या तफावतीनं मृत्यूचा अंदाज येत नाही, हृदयाच्या वस्तुमानात मोठी तूट असेल तरच येतो. इतकी वर्षं किती जाड रुग्ण चालण्यासारखं हृदय नाकारलं गेल्यामुळे यादीत ताटकळले असतील, याचा विचार केला तरी जीव गलबलतो.

आणि पूर्वपक्षाची सगळ्यात मोठी चूक तुलनेची आहे. तो जाड माणसाच्या प्रत्यारोपणाची तुलना बारीक माणसाच्या प्रत्यारोपणाशी करतो. रुग्णाच्या घरच्यांपुढचा प्रश्न तो नसतोच. त्यांच्यापुढे प्रश्न असतो, उपचार केला तर काय आणि नाही केला तर काय. २००१ साली पूर्ण झालेल्या रीमॅच अभ्यासात प्रत्यारोपण शक्य नसलेले १२९ रुग्ण होते. नुसत्या औषधांवर ठेवलेल्यांपैकी वर्षानंतर पाऊण भाग हयात नव्हते. पंप बसवलेल्यांपैकी निम्म्याहून थोडे जास्त जगले, आणि तो पंप आजच्या मानानं ओबडधोबड होता. पुढच्या पिढीच्या पंपांच्या अमेरिकन नोंदींत जाड रुग्णांना वीजवाहिनीचा संसर्ग जास्त झाला, पण जगण्याचं प्रमाण इतरांइतकंच राहिलं. संसर्गाचा त्रास खरा आहे, तो रुग्णाला आधी सांगितला पाहिजे. पण ज्याला दुसरा पर्याय मृत्यूचा आहे त्याला 'तुम्हाला संसर्ग होईल' म्हणून परत पाठवणं हे सावधपण कसं म्हणायचं? हृदयं थोडी आहेत हा युक्तिवाद इथं लागूही पडत नाही. पंप दुसऱ्या कुणाच्या वाट्याचा काढून घ्यावा लागत नाही. त्याची अडचण पैशाची आहे, आणि ती जाड-बारीक दोघांना सारखीच.

आता दुसऱ्या बाजूच्या घाईला आवरतो. ही मंडळी थोडी आहेत, पण वाचणारी आहेत. २००१ साली लॉस एंजेलिसच्या होर्विच, फोनारो आदींनी १,२०३ बळावलेल्या हार्ट फेल्युअर रुग्णांचा अभ्यास छापला आणि जाड रुग्ण कमी मरतात असं दाखवलं. तेव्हापासून लठ्ठपणा हृदयाला तारतो, असं म्हणणारा एक पंथ निघाला. मीही त्यांच्यातलाच, असं माझ्या वरच्या लिहिण्यावरून कुणी समजेल. तसं नाही. २०२३ साली ग्लासगोच्या जॉन मॅकमरे यांच्या गटानं पॅराडाइम अभ्यासातल्या आठ हजारांवर रुग्णांची फेरतपासणी केली. बीएमआय सोडून कमरेचा घेर भागिले उंची हे माप घेतलं, आजाराची तीव्रता दाखवणारे रक्तातले घटक जमेस धरले, आणि लठ्ठपणाचं ते तारक कवच विरून गेलं. उलट कमरेचा घेर जास्त असलेले हार्ट फेल्युअरसाठी जास्त वेळा दाखल झाले. जाड दिसणाऱ्यांत जे जगत होते त्यांना चरबीनं तारलं नव्हतं. काहींकडे स्नायूही जास्त होते, काही आजाराच्या अलीकडच्या टप्प्यावर होते, आणि ज्यांचं मांस झडून गेलं होतं ते बारीकांच्या रांगेत मोजले गेल्यामुळे ती रांग जास्त मरणारी दिसत होती.

आपल्यासाठी सगळ्यात मोलाचा पुरावा आशियातला आहे. सिंगापूरच्या कॅरोलिन लॅम यांच्या पुढाकारानं ११ आशियाई प्रदेशांत झालेल्या एशियन-एचएफ नोंदणीत भारतही होता. त्यातल्या ५,९६४ रुग्णांची दोन्ही मापं एकत्र पाहिली तेव्हा सगळ्यात वाईट हाल कुणाचे दिसले? बीएमआय कमी पण कंबर मोठी असलेल्यांचे. हातपाय काटकुळे आणि पोट पुढे आलेलं. त्यांच्यात मधुमेह जास्त होता, आणि बायका जास्त होत्या. याज्ञिकांनी पुण्यात जो माणूस दाखवला तोच इथं, हृदय थकल्यावर, सगळ्यात आधी कोसळताना दिसतो. काट्यावर त्याला कुणी अडवणार नाही, उलट 'वजन उत्तम' म्हणतील. संभाजीनगरच्या कुठल्याही ओपीडीत साडी नेसलेल्या साठीच्या मावशीकडे पाहा. दंड मनगटाएवढे, वजन ४८ किलो, आणि कमरेला टेप लावायचा कुणाला सुचलेलं नाही. त्यांना प्रत्यारोपणाबद्दल कुणी काही सांगत नाही, कारण 'त्यांना तसं काही झालेलं नाही.'

बारीक रुग्णाला वजनानं नाकारल्याचा इतिहासही आहे, फक्त तो यंत्राच्या मापात दडलेला आहे. पहिल्या पिढीचे पंप किलोभराहून जड आणि पोटात बसवायचे. ते मोठ्या देहांसाठी घडवलेले, छोट्या चणीच्या बाईच्या अंगात बसतच नसत. आता वापरात असलेला हार्टमेट ३ दोनशे ग्रॅमच्या आसपास आहे आणि छातीत बसतो. छोट्या चणीच्या रुग्णांना सोयीचा असलेला दुसरा एक पंप, एचव्हॅड, कंपनीनं जून २०२१ मध्ये बाजारातून काढून घेतला, कारण त्यानं मेंदूतल्या गुंतागुंती आणि मृत्यू जास्त होत होते. तेव्हा लहान देहाच्या रुग्णासाठी पर्याय आणखी आकसले आहेत. जाडांवरच्या अन्यायाची चर्चा अमेरिकेत होते, कारण तिथले रुग्ण जाड आहेत. आपल्या रुग्णाचा प्रश्न आपण मांडला नाही तर तो कुणीच मांडणार नाही.

वजन उतरवण्याच्या नव्या इंजेक्शनांनी या विषयात नवा गोंधळ आणला आहे. २०२५ सालात मौंजारो आणि वेगोवी आपल्याकडे आली आणि शहरात हार्ट फेल्युअरचे रुग्ण स्वतःहून ती मागायला लागले. वेगोवीतल्या सेमाग्लुटाइडचा २०२३ चा अभ्यास खरोखर चांगला आहे. ५२९ जाड रुग्ण, वर्षभर इंजेक्शन, दम कमी झाला, चालणं वाढलं. पण ते सगळे रुग्ण असे होते ज्यांचं पंपिंग ठीक होतं आणि हृदय ताठर झालं होतं. ज्यांचं पंपिंग कोसळलं आहे आणि नुकतंच रुग्णालयात राहून झालं आहे, अशा ३०० रुग्णांना याच कुळातलं लिराग्लुटाइड २०१६ च्या फाइट अभ्यासात देऊन पाहिलं होतं. फायदा झाला नाही, आणि नुकसानाची शंका राहिली. प्रत्यारोपणाच्या दारात उभे असलेले बहुतेक रुग्ण या दुसऱ्या प्रकारचे असतात. पहिल्या अभ्यासाची बातमी वाचून दुसऱ्या प्रकारच्या रुग्णानं इंजेक्शन घ्यावं, हे मला धोक्याचं वाटतं. बीएमआय ४० असलेल्या, पंप बसवलेल्या आणि स्थिर झालेल्या रुग्णाचं वजन तज्ज्ञांच्या देखरेखीखाली उतरवून त्याला हृदयाच्या यादीत आणणं ही वेगळी गोष्ट. ती जगात ठिकठिकाणी होते आहे, आणि मला मान्य आहे. तिथं आधी उपचार होतो आणि मग वजन उतरतं. आपल्याकडे हाच क्रम उलटा लावला जातो.

मग काटा फेकून द्यायचा का? मुळीच नाही. त्याचं काम वेगळं आहे, आणि ते तो फार चांगलं करतो. सकाळी उठून, लघवी करून, न्याहारीच्या आधी, त्याच काट्यावर रोज उभं राहावं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर पाणी साठतं आहे, डॉक्टरांना फोन करावा. लोणचं, पापड, वाटीभर ठेचा यातलं मीठ दुसऱ्या दिवशी काट्यावर दिसतं. पाण्याचा पहारेकरी म्हणून काटा उत्तम आहे. पात्रतेचा न्यायाधीश म्हणून त्याला बसवू नये.

पात्रता पाहायची तर हाताशी असलेली साधी साधनं पुरतात. कमरेला टेप आणि उंची. पोटरीचा घेर, सूज उतरल्यावर. मुठीची पकड मोजणारं यंत्र, जे फारसं महाग नाही. खुर्चीतून हात न टेकता पाच वेळा उठायला लागणारा वेळ. चार मीटर चालायला लागलेले सेकंद. यांतलं काहीही करायला मुंबईची गरज नाही, इथल्या घाटी या सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डातला इंटर्नही पाच मिनिटांत करेल. जेवणाचंही विचारलं पाहिजे. दम लागणारा माणूस दोन घास खाऊन उठतो, आणि घरचे तेवढ्यावर समाधान मानतात, कारण 'हलकंच खायला सांगितलंय.' भाकरीबरोबर वाटीभर घट्ट डाळ, मटकी, दही, चालत असेल तर अंडं, दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं. शरीराच्या दर किलोमागे एक ग्रॅमहून थोडं जास्त प्रथिन, मूत्रपिंडाच्या डॉक्टरांना विचारून. हे औषधाच्या चिठ्ठीवर लिहिलं गेलं तरच घरात त्याला औषधाची किंमत येते.

आणि जे पत्र लिहायचं ते लवकर लिहायचं. बीएमआय ३७ असेल तरी लिहायचं आणि १८ असेल तर आणखी घाईनं लिहायचं. निर्णय मुंबई-पुण्याचं पथक घेईल, ते त्यांचं काम आहे. त्या पत्रात वजनाच्या रकान्यात एक आकडा लिहून मोकळं होऊ नये. सूज उतरल्यावरचं वजन, वर्षापूर्वीचं वजन, कमरेचा घेर, मुठीची पकड आणि खुर्चीतून उठता येतं का, एवढं तरी लिहावं. पैठणच्या मामांच्या पत्रात मी ५३ लिहिलं, आणि त्याच्याशेजारी आदल्या वर्षीचे ६२ कुठे गेले तेही लिहिलं.